शंभराच्या अलीकडे थांबलेली गाडी

आमच्या शेजारचे नत्थूजी सापशिडीच्या पटावर शिटी वाजल्याशिवाय गोटी हलू देत नसत. तोंडाची नव्हे, खरी, पितळेची, रेल्वेची शिटी. रविवारी दुपारी सारं बालाघाट जेवून आडवं झालं की आमच्या छपरीतून ती वाजायची, आणि समोरचे वकीलसाहेब खाटेवर दचकून उठून बसायचे.

नत्थूजी जन्मभर छोट्या लाइनीवर, म्हणजे नॅरोगेजवर, गार्ड होते. पेन्शनीत निघाले, पण लाइन काही त्यांच्यातून निघाली नाही. भाजी आणायला निघाले तरी अंगणाच्या फाटकापाशी थांबून आधी डावीकडे, मग उजवीकडे बघत. आमच्या गल्लीत तेव्हा दिवसातून दोन सायकली जात, त्यातली एक माझी.

सापशिडी आणली मी. मी गणिताचा मास्तर, तेव्हा मुलांना शंभरपर्यंत आकडे यावेत हा माझा उदात्त हेतू. शिवाय फाशाचं गणित आपल्याला कळतं, मुलांशी मुद्दाम हरावं लागेल, अशी चिंताही होती. पहिल्याच दुपारी मी एकाच सापाच्या तोंडात चार वेळा गेलो आणि ती चिंता मिटली. "पापा को गिनती नहीं आती," असं सहा वर्षांच्या चिमीने आईला आत जाऊन सांगितलं. आमची मुलं शाळेत हिंदी शिकत आणि घरी आमची अब्रू त्याच भाषेत काढत.

तेवढ्यात नत्थूजी आमची वाटी परत द्यायला आले. पटाकडे पाहून त्यांचे डोळे विस्फारले.

"अहो मास्तर! हे तं सिंगल लाइन हाय! अन् तुमी साऱ्यायच्या गाड्या एकदमच सोडून राह्यले? टक्कर होईन ना बाप्पा!"

वाटी तशीच हातात घेऊन ते खाली बसले. ते जे बसले ते दर रविवारी बसले.

त्यांचा कायदा असा. दहा घरांची एक ओळ म्हणजे एक सेक्शन. एका सेक्शनात एका वेळी एकच गाडी. पुढची गोटी वरच्या ओळीत चढेपर्यंत मागची खाली उभी. तिला कितीही सहा पडोत, तिने फक्त वाट पाहायची. शिडी चढायच्या आधी इंजिनाला पाणी. म्हणजे खेळणाऱ्याने उठून माठातलं पाणी पिऊन यायचं. आमचा आठ वर्षांचा दिनू एका दुपारी तीन शिड्या चढला आणि संध्याकाळपर्यंत न्हाणीच्या वाऱ्या करत होता.

आणि गोटीला साप चावला, तर चौकशी!

"डायवर कोन होता?"

"मी," दिनू छाती काढून म्हणे.

"साप दिसला नाई तुले?"

"दिखा था."

"मंग ब्रेक काहून नाई मारला?"

"गार्डबाबा, ब्रेक तो आपके डब्बे में रहता है!"

यावर नत्थूजी गंभीरपणे मान हलवत, "हौ, हे बी खरं हाय," म्हणत आणि स्वतःला एक पाळी निलंबित करत.

मलाही शिक्षा झाल्या. एकदा फासा पटाबाहेर टाकला म्हणून मला चिमीची लेखी माफी मागावी लागली. चिमीला वाचता येत नव्हतं, म्हणून ती मीच तिला वाचून दाखवली. दोनदा, कारण पहिल्यांदा आवाजात पश्चात्ताप नव्हता.

एवढं सगळं करता करता दिवेलागण होई, आमची ही भाकरीची परात आणून पटाशेजारी ठेवी, आणि डाव मोडे. सात महिन्यांत एकही डाव पुरा झाला नव्हता. दिनूला त्याचं काही नव्हतं. चिमीला होतं. शंभराच्या घरात एक राजा लाडवांचं ताट घेऊन बसलेला होता. तिची गोटी तिथे एकदाही पोचली नव्हती. एका रात्री झोपताना ती म्हणाली, "पापा, राजा का लड्डू सूख गया होगा ना?"

हे मला लागलं. मी ठरवलं, येत्या रविवारी पोरीला राजापर्यंत पोचवायचंच. सरळ मार्गाने नाही जमलं तर गणिताने, आणि गणिताने नाही जमलं तर लबाडीने. त्यातलं गणित मी आधीच वगळलं.

रविवारी नत्थूजी शिडीआधीचं पाणी प्यायला आत गेले, मुलंही मागून गेली. मी चिमीची गोटी चौसष्टावरून उचलून अठ्ठ्याण्णवावर ठेवली. अगदी सफाईने. फक्त परत हात घेताना माझ्या सदऱ्याच्या बाहीने बाकीच्या तिन्ही गोट्या घरंगळून खाली गेल्या. मी त्या अंदाजाने ठेवल्या आणि छताकडे बघत बसलो.

नत्थूजी आले, बसले, चष्मा सरकवला.

"मास्तर, माही गाडी चाळीसवर उभी होती. बेचाळीसवर कशी गेली?"

"उतार असेल," मी म्हणालो.

त्यांनी गोटी दोन घरं मागे घेतली आणि शिडीने वर नेली. मग त्यांची नजर अठ्ठ्याण्णवावर गेली. तिथे बराच वेळ राहिली. चिमी तोंड उघडं टाकून आपल्या गोटीकडे बघत होती. दोन घरं सरकलेली ज्यांना दिसली त्यांना चौतीस घरं दिसणार नाहीत? पण नत्थूजी एवढंच म्हणाले, "चिमाबाई, तुमची पाळी."

चिमीने फासा टाकला. दोन!

दिनूने आरोळी ठोकली. चिमी गुडघ्यावर उभी राहिली. "गार्डबाबा, सीटी बजाओ!"

शिटी वाजेना. नत्थूजींनी ती ओठांशी नेली आणि तशीच धरून ठेवली.

"सिग्नल नाई भेटला अजून," ते म्हणाले.

"बजाओ ना!"

"टेशनाबाहेर, आउटरवर उभी राहू दे जराशी."

चिमीचा ओठ थरथरायला लागला आणि माझा ताबा सुटला. "नत्थूजी, काय चालवलंय तुम्ही? सात महिने झाले! एवढ्याशा पोरीला एकदा जिंकू दिलं तर काय जातं तुमचं?"

लबाडी मी केली होती आणि ओरडतही मीच होतो. नत्थूजींनी शिटी खाली घेतली. माझ्याकडे न बघता, पटाकडे बघत म्हणाले, "जिंकू द्या ना मास्तर. मी काहून नाई म्हनीन? पन गाडी शेवटच्या टेशनाले लागली का सारे उतरून आपापल्या घरी जातेत. गार्डच एकटा डब्बे पाहत फिरते, कोनी राह्यलं तं नाई म्हनून."

त्यांच्या घराचं दार दिवसभर बंद असे, हे मी रोज पाहत होतो. नत्थूजी आत असले तरी बाहेरून कुलूप लावल्यासारखंच वाटायचं. मुलगा भिलाईला, बायको केव्हाच वारलेली. मी गणिताचा मास्तर, आणि एवढा हिशेब मला सात महिन्यांत सुटला नव्हता.

मग त्यांनी शिटी वाजवली. लांब, सरळ. चिमीची गोटी एक, दोन करत राजाच्या ताटाशी गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. नत्थूजींनी गुडघ्यावर हात टेकले आणि उठू लागले.

"किधर जा रहे?" चिमीने त्यांच्या धोतराचा सोगा धरला. "गाड़ी वापस नहीं जाएगी क्या?"

नत्थूजी अर्धे उठलेले तसेच राहिले. "वापस?"

"सौ से एक. सब सवारी बैठी है."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने गोट्या शंभराकडे नेऊ लागलो. उलट्या प्रवासात साप चढायचा की उतरायचा यावर लगेच दिनूचं आणि माझं भांडण जुंपलं, आणि त्या गोंगाटात नत्थूजी पुन्हा खाली बसले. आतून आमची ही म्हणाली, "नत्थूजी, आज इथंच जेवा."

"हौ," ते म्हणाले. मग माझ्याकडे वाकून हळूच, "मास्तर, पोट्टी मोठी झाल्यावर थोडीच खेळन का असं?"

"तुमची पाळी आहे," मी म्हणालो.