प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवरचा उजेड

कोणतीही शाळा किती थोर आहे, हे तिच्या सभागृहातल्या दिव्यांवरून ओळखावं. दिवे लागत असतील तर शाळा नवी. लागत नसतील तर शाळेला परंपरा आहे. आमच्या शाळेला फारच परंपरा आहे.

म्हणजे ऐका ना, नीट पहिल्यापासून सांगते. आमच्या रंगमंचावर, वर लोखंडी नळीला, चोवीस दिवे टांगलेत. त्यांची सद्यस्थिती पुढीलप्रमाणे: चिमण्यांच्या ताब्यात नऊ (कायमस्वरूपी), बल्ब नसलेले आठ, बल्ब आहे पण वायर नाही असे चार, वायर आहे पण हात लावला की झटका बसतो असे दोन, आणि चालू एक. वार्षिक अहवालात हे सगळं एका ओळीत येतं: ‘प्रकाशव्यवस्था समाधानकारक.’ (समाधान कोणाचं ते लिहिलेलं नाही. बहुतेक चिमण्यांचं.)

हे दिवे कमीजास्त करायला विंगेत एक लोखंडी कपाट आहे. त्याला डिमर म्हणतात. त्याला मोठाले दांडे आहेत. दांडा वर नेला की उजेड वाढतो, खाली आणला की जातो, आणि मध्येच ठेवला की कपाट गुणगुणायला लागतं. साधंसुधं नाही, इतकं की तिसऱ्या रांगेपासून मागे नाटकातलं एक अक्षर ऐकू येत नाही. तक्रारी आल्या. शाळेने ताबडतोब दखल घेतली आणि नाटकांतले संवाद कमी केले.

आता तो एक चालू दिवा. सभागृहाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांची खुर्ची रंगमंचावर जिथे मांडली होती, बरोबर तिथे तो वळवून ठेवला होता. भाषणं झाली, पाहुणे गेले, दिवा तसाच राहिला. मग त्याचा नट गंजला. तेव्हापासून उजेड पडतो तो फक्त तिथे, एका माणसाच्या बसण्यापुरता. आणि तिथे ती खुर्ची आहे. लाल मखमलीची, सिंहाच्या पायांची. ती हलवत नाहीत, कारण ती पाहुण्यांची. पाहुणे आता खाली पहिल्या रांगेत बसतात, पण समजा मनात आलं आणि वर आले तर?

त्यामुळे आमच्या शाळेत सगळी नाटकं खुर्चीच्या आजूबाजूला अंधारात होतात. जंगल असो, जहाज असो, मध्यभागी एक उजळलेली रिकामी खुर्ची. लोकांना सवय झालीय. एका वर्षी म्हणे एका आजोबांनी बक्षीस समारंभात विचारलं, ‘ते मधलं काम कोणी केलं होतं? फार संयमी होतं.’

नवे दिवे नाहीत असं समजू नका हं! माजी विद्यार्थ्यांनी चांगले सहा दिवे दिलेत, कुठेही वळवता येणारे. ते मोठ्या बाईंच्या ऑफिसात काचेच्या कपाटात आहेत. वापरल्याने वस्तू जुनी होते, हे बाईंनी वेळीच ओळखलं. दरवर्षी स्नेहसंमेलनाला ते बाहेर काढतात, पाहुण्यांच्या हस्ते फीत कापून त्यांचं उद्घाटन करतात आणि पुन्हा आत ठेवतात. उद्घाटनाचा अनुभव बघितला तर इतके अनुभवी दिवे दुसऱ्या कुठल्या शाळेत नसतील.

तर अशा या आदर्श व्यवस्थेत माझी ताई आली. अडथळा म्हणून.

झालं काय, ताईला नाटक शिकायचंय. लहानपणापासून. आणि बाबांना ती हिशेबनीस व्हायला हवीय, आत्याच्या मुलीसारखी. दोन वर्षं घरात तेच चाललं होतं. शेवटी यंदा तिच्या शाळेतल्या शेवटच्या स्नेहसंमेलनाला नाट्यशाळेच्या एक बाई येणार असं ठरलं. त्या नाटक बघून एकाला सरळ प्रवेश देणार. बाबा म्हणाले, “ठीक आहे. त्यांनी तुला घेतलं तर जा. नाही घेतलं तर मुकाट्याने हिशेबाचा क्लास लाव. पुन्हा रडारड नको.” ताई म्हणाली, “चालेल.” एवढ्यावर सगळं आलं होतं. त्या बाईंना ताई दिसली पाहिजे. बस.

नाटकात ताई कैदी राणी होती. शेवटी शिक्षा ऐकताना तिचं मोठं भाषण. मी पहारेकरी. मला मिशी लावली होती, डिंकाने. अंधारात मिशी कशाला, असं मी विचारलं, तर म्हणे शिस्त.

तालमीला ताई प्रकाशप्रमुखांकडे गेली. प्रकाशप्रमुख म्हणजे आमचे भूगोलाचे सर. घरची ट्यूब आपण स्वतः बदलली, असं ते एकदा स्टाफरूममध्ये बोलून गेले होते. नेमणूक त्याच दिवशी झाली.

“सर, तो दिवा थोडा डावीकडे वळवता येईल का?”

“वळवता सगळं येतं गं. पण संस्थापकांनी स्वतः उभं राहून लावून घेतलाय तो. त्याची दिशा ती संस्थेची दिशा. उद्या कोणी विचारलं तर काय सांगू, एका मुलीला भाषण होतं म्हणून वळवली?”

“मग खुर्ची हलवू या. मी तिच्या जागी उभी राहते.”

“वा! आणि पाहुणे?”

“ते खाली बसतात सर.”

“म्हणून त्यांना उभं करायचं?”

मला वाटतं या वाक्याला उत्तर नसतंच. मग ती मोठ्या बाईंकडे गेली, नवे दिवे मागायला. बाई प्रेमाने म्हणाल्या, “अगं वेडे, नाटकात वापरले आणि गेले, तर पुढच्या वर्षी उद्घाटन कशाचं करू?”

म्हणजे बघा, कोणीही तिला नाही म्हणालं नाही. सगळ्यांनी समजावून सांगितलं.

स्नेहसंमेलन आलं. सभागृह गच्च. पहिल्या रांगेत पाहुणे, शेजारी नाट्यशाळेच्या बाई, मागे आई-बाबा. सहा दिव्यांचं उद्घाटन झालं, टाळ्या झाल्या, दिवे कपाटात गेले, कपाटाला कुलूप लागलं आणि मग अंधार करून प्रकाशयोजना सुरू झाली.

नाटक छान चाललं होतं. म्हणजे असावं, मला काही दिसत नव्हतं. प्रधानजी राजावर दोनदा आपटले. खुर्ची मात्र झळकत होती. खुर्चीच्या मागे चोपदार उभा होता, ताईच्या वर्गातला, सगळे गणपा म्हणतात तो ढोल्या. त्याला एकही वाक्य नव्हतं. पण तो जाड असल्यामुळे त्याचा डावा कान आणि अर्धा गाल उजेडात येत होता.

ताईचं भाषण आलं. ती अंधारात दोन वाक्यं बोलली. मग थांबली. मला वाटलं विसरली. मी मिशीतून पुढचा शब्द पुटपुटले सुद्धा. पण ती विसरली नव्हती. ती सरळ चालत आली आणि खुर्चीत बसली.

आई शप्पथ, अख्खं सभागृह ‘हाऽऽ’ झालं! इतक्या वर्षांत त्या रंगमंचावर पहिल्यांदा कोणाचा तरी चेहरा दिसला होता. आणि काय दिसत होती! डोळ्यांत पाणी, गालावर काजळ ओघळलेलं, आणि बोलायला तोंड उघडलं...

आणि प्रकाशप्रमुखांनी संस्थेची इज्जत वाचवली. दांडा खाली. काळोख.

चौकशी समितीने नंतर सरांच्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं. (समितीत सर होते.) पण ते जाऊ दे. पुढचं ऐका. काळोखात ताई बोलत राहिली. एक शब्द गाळला नाही. दांडा खाली गेल्यामुळे विंगेतलं कपाटही गप्प होतं, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात असणार. आणि तेवढ्यात समोर टॉर्च लागला. मोबाईलचा. मग दुसरा. मग दहा, मग शंभर. बघता बघता सगळं सभागृह लखलखलं. तेवढा उजेड त्या शाळेने जन्मात पाहिला नसेल. म्हटलं आता!

एकही वर वळला नाही.

सगळे खाली. खुर्च्यांखाली. लोक चपला शोधत होते. मध्ये काळोख झाला म्हणजे संपलंच असणार, असं सगळ्यांनी आपापलं ठरवलं होतं. कोणी पिशवी शोधत होतं, कोणी छोट्याचा मोजा. बाबा वाकून चष्म्याचं घर शोधत होते. वर राणी मरणाची शिक्षा स्वीकारत होती आणि खाली एक काकू म्हणत होत्या, “अहो, जरा इकडे धरा ना, डाव्या पायाची दिसत नाहीये.”

नाट्यशाळेने गणपाला घेतलं. जेवढा दिसला तेवढ्यात त्याची एकाग्रता दिसली म्हणे. ताईबद्दल बाई म्हणाल्या, आवाज चांगला होता, कोण होती ती?

बाबा घरी येऊन म्हणाले, “संधी दिली होती ना तुला?” सोमवारपासून ताई क्लासला जाते. हुशार आहे, तिथेही पहिली येईल.

ही गोष्ट मी ज्याला सांगते तो पोट धरून हसतो. काय ते सर, काय ती खुर्ची, काय ते कपाटातले दिवे! तुम्हीही मघापासून हसताय, आणि हसायलाच हवं, सर आहेतच तसे. ताईला सरांबद्दल काही म्हणायचं नाही. त्यांच्याकडे एकच दिवा होता, आणि तोही गंजलेला.

ती फक्त तुम्हाला विचारायला सांगते, चप्पल सापडली का?