एका वेळी एकच!

उमेशला स्वतःच्या बुद्धीबद्दल शंका अशी कधी आलीच नव्हती. त्या शुक्रवारी तर अजिबात नाही! ऑफिसच्या मधोमध उभं राहून, कमरेवर हात ठेवून त्याने जाहीर केलं, "आजपासून सर्व्हरला शिस्त! एका वेळी एकच जॉब! सोमवारी साहेब बघतील आणि तोंडात बोट घालतील!"

ऑफिस म्हणजे जव्हारच्या एसटी डेपोमागे, सिमेंटच्या गोदामावरची माडी. ठाण्याच्या एका कंपनीने २००७ साली, बघू या जमतंय का, म्हणून तिथे आपली शाखा काढली होती. माणसं चार. प्रमुख उमेश. प्रोग्रॅम लिहिणारा भावेश. भावेशच्या चुका काढणारी उज्ज्वला. आणि शिपाई भिकामामा. भिकामामांनी वीस वर्षं जीपस्टँडवर नंबर लावण्यात काढली होती. कुठली जीप आधी भरायची, कोण कुठे बसणार, कोण लटकणार, हे सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. पुढे गुडघे गेले, तेव्हा त्यांना बसून करायची नोकरी हवी होती. ती मिळाली माडीवर, एकवीस पायऱ्या चढून!

कोपऱ्यात बिल्ड सर्व्हर बसलेला असे. भावेश आणि उज्ज्वला जे तुकडे लिहीत, ते हे यंत्र जोडायचं, त्यांचा अख्खा प्रोग्रॅम बनवायचं आणि तो चालतो का ते तपासून बघायचं. अशा एकेका कामाला म्हणायचं जॉब. सर्व्हर ठाण्यात म्हातारा होऊन जव्हारला हवापालटाला आलेला. तीन-चार जॉब एकदम दिले की तापायचा, घरघरायचा आणि मान टाकायचा. त्या आठवड्यात त्याने पाचदा मान टाकली होती.

आणि सोमवारी ठाण्याहून मोठे साहेब येणार होते! वसतिगृहांच्या हजेरीचा प्रोग्रॅम त्यांच्यासमोर तयार होऊन चालला, तर जव्हारची शाखा राहणार. नाही चालला तर शाखेला कुलूप आणि उमेश परत ठाण्याला. ठाण्याला त्याने चार वर्षं काढली होती. एका खोलीत सहा जण, आणि आंघोळीला त्याचा नंबर सहावा. आता तो रोज आपल्या गावाहून, दाभोशाहून, जीपने यायचा, डब्यात आईच्या, बुधीच्या, हातची नागलीची भाकर असायची. परत जायचं नाव काढायला तो तयार नव्हता.

म्हणून शिस्त! सर्व्हरच्या एका चौकटीत, एका वेळी किती जॉब घ्यायचे ते लिहायची सोय होती. उमेशने तिथे ऐटीत एक हा आकडा टाकला.

"सर, पण आपला मोठा जॉब..." उज्ज्वला म्हणाली.

"एका वेळी एक, उज्ज्वला! आधी भावेशचं ऐकू."

भावेशला फक्त वडापाव आणायला जाऊ का, एवढंच विचारायचं होतं. पण उमेशला आता आपली कल्पना फारच आवडायला लागली होती. सर्व्हरच का, बोलण्यालाही शिस्त हवी! साहेबांसमोर चौघं एकदम बोलले तर ऑफिसचा बाजार व्हायचा. प्रत्येकाने नंबराने बोलायचं, एकाचं पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही!

भिकामामांच्या डोळ्यांत चमक आली. त्यांनी पिशवीतून जीपस्टँडवरचे जुने पत्र्याचे बिल्ले काढले. "नंबराचा काम ना? ता माझ्यावर सोडा. बिल्ल्याबिगर कोन बोलला तं बघतोच!"

शनिवारी सगळं झकास झालं. छोटे छोटे जॉब एकामागून एक, शाळेतल्या पोरांसारखे रांगेत गेले. सर्व्हर तापला नाही, घरघरला नाही. उज्ज्वलाने दोनदा तोंड उघडलं, भिकामामांनी दोनदा बिल्ला मागितला. हजेरीचा अख्खा प्रोग्रॅम जोडणारा मोठा जॉब चालवून बघायला तासभर लागायचा, म्हणून उमेशने तो चालवलाच नाही. छोटे चालले म्हणजे मोठाही चालणारच की! शनिवारी दुपारी तो शीळ घालत दाभोशाला गेला.

सोमवारी सव्वादहाला साहेब आले. घाटातल्या वळणांनी ते पार हिरवे झाले होते. त्यांना लिंबूपाणी देऊन, भिकामामांनी बिल्ले वाटले. एक नंबर उमेश, दोन भावेश, तीन उज्ज्वला. पाहुण्यांना बिल्ला माफ.

"बारा वाजता लोडशेडिंग आहे सर," उमेश म्हणाला, "पण काळजी नको. तासात सगळं तयार!" आणि त्याने मोठ्या जॉबचं बटण दाबलं.

पडद्यावर ओळी भराभर धावल्या. अर्धा प्रोग्रॅम पंचवीस मिनिटांत जोडून झाला. साहेबांचा रंगही परत आला. मग ओळी थांबल्या. खाली एकच वाक्य आलं, त्याचा अर्थ होता: वाट पाहत आहे.

"कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"योग्य वेळेची, सर!" उमेशने ठोकून दिलं.

एक चहा झाला. सर्व्हर वाट पाहतच होता. दुसरा चहा झाला. आता सगळेच वाट पाहत होते. सव्वाअकरा झाले. उमेशच्या कपाळावर घाम आला. त्याला ठाण्याची खोली दिसली, मोरी दिसली, आणि मोरीबाहेर टॉवेल घेऊन उभे असलेले पाच जण दिसले.

"सर, मला कळलंय की..." उज्ज्वला उठली.

"ताई, बिल्ला!" भिकामामा गरजले. "तुमचा तिसरा. आधी दोन नंबर. बोल रे भावेश!"

भावेश बिल्ला घट्ट धरून उभा राहिला. "सर, काहीतरी अडलंय. कुठे अडलंय ते उज्ज्वलाला ठाऊक आहे. तिने सांगितलं की मी पुढचं सांगतो. तोवर थांबतो."

"मग बोलू दे की तिला!" साहेब म्हणाले.

"भावेशचं संपलं की लगेच, सर," उमेश म्हणाला. "आपल्याकडे शिस्त आहे."

"भावेशचं कधी संपणार?"

"उज्ज्वला बोलली की."

"आणि उज्ज्वला कधी बोलणार?"

"भावेशचं संपलं की."

एवढं बोलून उमेशलाच काहीतरी खटकलं. आणि मग भिकामामांना जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना! गुडघ्यावर थाप मारून मारून त्यांचा दुखरा गुडघा आणखी दुखला.

"अवो साहेब, ह्या तं दाभोशाच्या जीपसारखा झाला!" ते डोळे पुसत म्हणाले. "जीपमदी एकच सीट राहेलं. नवरा टुणकन चढून बसला. सांगतो, माझी बायको आल्याबिगर गाडी हलवायची नाय. बायको खाली उभी. ती सांगते, जागाच नाय तं मी बसू कुठं? दोन तास जीप जाग्यावर! ड्रायव्हर झोपून गेला, मागच्या बाईची कोंबडी अंडा देऊन मोकळी झाली, पण त्या दोघांचा काय हललाच नाय!"

आता मात्र उज्ज्वलाने तीन नंबरचा बिल्ला टेबलावर आपटला. "हेच! शुक्रवारपासून हेच सांगतेय मी! मोठा जॉब अर्ध्यावर जाऊन चाचणीच्या जॉबला बोलावतो. आणि चाचणी पूर्ण होईपर्यंत जागा धरून बसतो. जागा तुम्ही ठेवलीत एक! चाचणी बिचारी बाहेर उभी!"

"असं बोलावून बसून राहायचं कोणी ठरवलं?" साहेबांनी विचारलं.

बोलायचा नंबर उमेशचा होता. "मीच, सर," तो पायाकडे बघत म्हणाला. "गेल्या दिवाळीत."

"मग बघताय काय? नवऱ्याच्या बाजूला एक सीट द्या!" साहेब ओरडले.

उमेशने एकाचे दोन केले. सर्व्हरने एक मोठा सुस्कारा टाकला आणि चाचणीचा जॉब आत शिरला. साडेअकरा. पावणेबारा. सर्व्हर तापायला लागला, तशी उज्ज्वला फाइलने त्याला वारा घालू लागली. भावेश दुसऱ्या बाजूने घालू लागला. साहेबांनीही आपलं वर्तमानपत्र काढलं. उमेशने त्या दहा मिनिटांत जेवढे देव आठवले तेवढे चार वर्षांत ठाण्यात आठवले नव्हते.

बाराला पाच मिनिटं असताना प्रोग्रॅम उघडला! साहेबांनी एका वसतिगृहाची हजेरी भरली, दुसऱ्याची भरली, मान डोलावली. बरोब्बर बाराला लाइट गेली.

"भिकामामा," साहेब म्हणाले, "तुमचं शिक्षण किती?"

"सातवी, साहेब. आणि पुढचा सगळा जीपस्टँडवर."

आठवड्याने ठाण्याहून पत्र आलं. उमेशने ते लगेच फोडलं. जव्हारची शाखा कायम! त्याने पत्र चक्क कपाळाला लावलं. दाभोसा वाचलं, भाकर वाचली, आंघोळही वाचली! मग त्याचं लक्ष खालच्या ओळीकडे गेलं. 'सर्व्हरवर एका वेळी चालणाऱ्या जॉबच्या संख्येत यापुढे कोणताही बदल करण्यापूर्वी श्री. भिकामामा यांची लेखी परवानगी घ्यावी.'

महिनाभर उमेशने दम धरला. मग सर्व्हरला नवा पंखा बसला, दोनाचे तीन करायला हरकत नव्हती. त्याने रीतसर अर्ज लिहिला, खाली सही केली आणि भिकामामांच्या स्टुलासमोर जाऊन उभा राहिला.

भिकामामांनी चष्मा लावला. अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग पिशवीत हात घालून त्यांनी तीन नंबरचा पत्र्याचा बिल्ला काढला आणि उमेशच्या हातावर ठेवला.

"अर्ज ठेवून जा, उमेशसाहेब. तुमच्या पुढं दोघं हायेत."