नागपूर एकीकडे, देवाजीभाऊ एकीकडे

देवाजीभाऊंनी गळ्याभोवती टेप टाकला असताना नागपूरची स्तुती करू नये, हे मला चांद्यात आल्यावर आठ दिवसांत कळलं. सदऱ्याच्या कॉलरचं माप चाललं होतं. मी सहज बोलून गेलो, "आमच्या नागपूरला कसे घरोघरी नळ!"

टेप आवळला गेला. "किती घरी?" देवाजीभाऊंनी शांतपणे विचारलं.

"तीन-चार," मी म्हटलं. टेप सैल झाला. त्या सदऱ्याची कॉलर मात्र फाटेपर्यंत मला घट्टच होत राहिली.

जटपुरा दरवाज्याच्या आत, आमच्या बिऱ्हाडासमोरच, देवाजीभाऊंचं शिंप्याचं दुकान होतं. ओट्यावर एक मशीन, मागे दोन खोल्या. मी शाळेत मास्तर म्हणून नागपूरहून बदलून आलो होतो. नागपूर तेव्हा राजधानी. त्यामुळे तिथून चांद्याला जे काही वाईट येई, त्याला मी जबाबदार. जंगलखात्याचा नवा हुकूम आला, मी जबाबदार. नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेल्या छिटाच्या कापडाचा रंग पहिल्या धुण्यात गेला, तरी मीच. रस्त्याच्या पलीकडून हाक यायची, "गुर्जी, या इकडे! पाहा तुमच्या नागपुरानं काय पाठवलं!"

दोन गावांची तुलना आपण करतो ती बाजारात काय मिळतं यावरून. देवाजीभाऊंची रीत बरोबर उलटी होती. काय विकत घ्यावं लागत नाही, ते ते बघायचे.

"ज्या गावात कमीत कमी विकत घ्या लागते, तो गाव मोठा," ते म्हणायचे. "टेप लावून सांगतो, गुर्जी! जंगलातली टेंभरं इथी फुकट. चारोळीचे चारं फुकट. पावसाळ्यात बांबूचे कोंब, वास्ते फुकट. कढीपत्ता कोनाच्याही आंगनातून तोडा. अन् नागपुरात? विरजन मांगाले गेलं तं दार लावून घेते!"

"तुम्ही मागितलं होतं?"

"मांगाले कायले जाऊ? मले मालूम हाय न!"

वाघाचंही तसंच. नागपूरच्या महाराजबागेत वाघ पाहायला माणसाला जावं लागतं. चांद्याला वाघ स्वतः माणसाकडे येतो. कुठला गाव जास्त आदबशीर? एकदा वैशाखात, डोक्यावर ओला पंचा घेऊन, मी मुद्दाम खोच मारली, "भाऊ, इथल्या उन्हाचं काय?" चांद्याचं ऊन म्हणजे दुपारी कावळेसुद्धा बोलत नाहीत. वाटलं, आज सापडले.

"ऊन?" देवाजीभाऊ मशीन थांबवून उभेच राहिले. "अवो, ऊन असावं तं आमचं! सकाळी पापड टाकला का संध्याकाळी डब्यात. नागपुरात दोन दिवस लागते. मंग रातभर त्या पापडाची राखन कोन करन? तुमी?"

मी पंचा पुन्हा ओला करायला घरी गेलो.

या सगळ्या विद्येला एकच पट्टशिष्या होती, ती म्हणजे त्यांची मुलगी सुमन. तिची आई ती चार वर्षांची असताना गेली. देवाजीभाऊंनी दुसरं लग्न केलं नाही. पोरीला मशीनशेजारी बसवून वाढवलं. हातात सुई धरता येऊ लागली तशी ती बटन लावायला शिकली, आणि पुढे तिच्यासारखे काज चांद्यात कोणी करत नव्हतं. देवाजीभाऊ बोलता बोलता दोरा ओवायला थांबले, की वाक्य ती पुरं करायची. "नागपूरच्या दुधात..." भाऊ म्हणायचे, आणि आतून आवाज यायचा, "...पाह्यलं तं आपलं तोंड दिसते!"

सुमन अठरा-एकोणीस वर्षांची झाली तेव्हा तिच्यासाठी स्थळ आणलं ते मी, आणि आणलं ते नागपूरचं. माझ्या एका मित्राचा भाचा, मधुकर. छापखान्यात खिळे जुळवायचा. निर्व्यसनी मुलगा, घरी फक्त आई. मी देवाजीभाऊंना हे सांगितलं ते चार हात लांब उभं राहून, टेप त्यांच्या गळ्यात आहे याची खात्री करून. त्यांनी हातातला दोरा सुईत ओवला. मग म्हणाले, "पोरगा चांगला हाय म्हनता, तं पाह्यला पाह्यजे. गावाचा दोष पोरावर कायले लावाचा?"

आम्ही दोघं नागपूरला गेलो. देवाजीभाऊंनी सोबत फिरकीच्या तांब्यात चांद्याच्या इरई नदीचं पाणी घेतलं होतं. नागपूरच्या पाण्याचा थेंब घ्यायचा नाही असा पण होता. तांब्या वाटेतच संपला. मधुकरच्या घरी पोचल्यावर त्यांनी नळाचं पाणी तीन पेले घेतलं आणि मला हळूच म्हणाले, "पान्यात काही नाई, तहान भल्ली लागली होती."

मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. म्हणजे मुलाकडे नाही, त्याच्या सदऱ्याकडे. वरून तिसरं बटन दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं.

"हे बटन कोनं लावलं?"

मधुकर लाजला. "मीच. आईला आता सुई दिसत नाही."

देवाजीभाऊंनी पुढे होऊन ते बटन दोन बोटांत धरलं, हलवून पाहिलं, खालचा दोऱ्याचा वेढा तपासला. मधुकरला वाटलं असेल, हा मनुष्य आता सदरा काढून नेतो. परतताना गाडीत देवाजीभाऊ सारखे मांडी बदलत होते, खिडकीतून डोकं काढत होते, पुन्हा आत घेत होते. "खाली वेढा देल्ला, गुर्जी! चार वेढे! आईले दिसत नाई म्हनून स्वतः सुई धरते! असा पोरगा चांद्यात नाई सापडाचा!" बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि वरोऱ्यापर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.

घरी पोचताच त्यांनी सुमनला बातमी दिली. तिनं ऐकून घेतलं, हातातला काज पुरा केला, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "मी नागपूरले नाई जात."

"काऊन वो?"

"तिथी विरजन मिळत नाई."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत देवाजीभाऊ शाळेत हजर. हातात अर्धी बाही, तिला टाचण्या तशाच. "गुर्जी, नागपूरचं काही चांगलं सांगा न! लवकर सांगा! पाच-सहा तरी सांगा!"

तीन वर्षं मी या क्षणाची वाट पाहत होतो, आणि नेमकं मला काही आठवेना. कसंबसं सांगितलं: नळ, मोठा दवाखाना, सीताबर्डीचा बाजार, टॉकीज, संत्री. देवाजीभाऊंनी ते बोटांवर मोजून पाठ केलं आणि तसेच धावत गेले. मी पुढचा तास लवकर सोडला. हेडमास्तरांना काय कारण सांगितलं ते विचारू नका.

दुकानापुढे गर्दी जमलेली. तलावावर मासे धरणारे शेजारचे कोंडूभाऊ तर जाळं खांद्यावर घेऊनच थांबले होते. देवाजीभाऊ आयुष्यात पहिल्यांदा नागपूरच्या बाजूनं लढत होते, आणि समोर त्यांचीच शिष्या होती.

"नळ हाय तिथी!"

"विहिरीवर गोष्टी होते, नळावर भांडन होते. तुमीच म्हनता."

"दवाखाना हाय, भल्ला मोठा!"

"एवढा मोठा दवाखाना ज्याले लागते, तो गाव बिमारच असन न? हेबी तुमचंच."

"अवो पोरी, तिथी वाघ पिंजऱ्यात असते! भेव नाई!"

"पाहाले पैसे पडते."

"पडू दे! मी मनिऑर्डर करीन वाघाची!"

"पापड दोन दिवस वाळत नाई."

"तं मऊ खाजो!" देवाजीभाऊ ओरडले. "मऊ पापड चांगला असते! दातांले बरा!"

कोंडूभाऊंनी कपाळाला हात लावला. पंधरा वर्षं ते या दुकानात नागपूरची निंदा ऐकून त्या आधारावर जगत होते. लोक हसत होते, मीही हसत होतो. देवाजीभाऊंच्या कपाळावरून घाम गळत होता. ते मात्र हसत नव्हते. त्यांना दिसत होतं, आपणच वर्षानुवर्षं रचलेल्या भिंतीवर आपण डोकं आपटतो आहोत, आणि पलीकडे चार वेढे देणारा मुलगा निसटून चालला आहे.

तेवढ्यात सुमननं हातातला सदरा खाली ठेवला.

"बाबा, नागपूर चांगलंच असन. मले काय कळत नाई? हे गुर्जी तिथलेच हायेत, काय वाईट हायेत? पन मी गेल्यावर इथी चूल कोन पेटवन? तुमाले तं चहाबी करता येत नाई."

मशीन आधीच थांबलेलं होतं. आता माणसंही थांबली. देवाजीभाऊंनी टेप गळ्यातून काढला, गुंडाळला, पुन्हा उलगडला. आणि मग एकदम त्यांना कंठ फुटला.

"अवो, हे का नागपूर हाय? हे चांदा हाय! इथी एकला मानूस उपाशी राहते का कधी? सोमवारी कोंडूभाऊकडून मासे. काऊन, कोंडूभाऊ? मंगळवारी वरच्या आळीतून भाकर. बुधवारी गुर्जीच्या घरून ताट. मले तं वेळ नाई भेटाचा एवढं जेवाले! तू गेली का माह्या मांगं आमंत्रनं लागते, पाहाजो! याच्यासाठीच तं मी चांदा चांदा करतो!"

त्यांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. कोंडूभाऊ म्हणाले, "व्हय न." मी म्हणालो, "अगदी." सुमननं आमच्यावरून एकेक करून नजर फिरवली आणि सदरा उचलून पुन्हा सुई हातात घेतली. ते तिचं होकाराचं उत्तर होतं.

लग्न धूमधडाक्यात झालं. नवरदेवाचा कोट देवाजीभाऊंनी माप न घेताच शिवला होता, आणि तो असा बसला की वऱ्हाडातले चारजण मांडवातच माप द्यायला उभे राहिले. नवरदेवाकडची मंडळी सुमनला घेऊन छोट्या गाडीनं, मूल-सिंदेवाहीच्या वाटेनं परतली. गाडी हलली तेव्हा देवाजीभाऊ खिडकीबरोबर चालत सुमनला नागपूरचे गुण सांगत होते. गाडी इतकी हळू निघाली की मी सांगितलेले पाच गुण संपून त्यांनी मनचे सात-आठ घातले. प्लॅटफॉर्म संपला तिथं ते थांबले आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही हात वर धरून उभे राहिले.

पहिले काही दिवस ताटं आलीही. मग धानाची रोवणी लागली, बाया चिखलात, पुरुष बांधावर. देवाजीभाऊंना लिहिता येत नसे, ते काम सुमनचं होतं. आता तिला जाणारी कार्डं मी लिहायचो. प्रत्येक कार्डात जेवणाचा बेत. "लिवा, सोमवारी कोंडूभाऊकडून झिंगे आले. लिवा, मंगळवारी वरच्या आळीतून भाकर अन् ठेचा." मी विचारायचो, "बुधवारी आमच्याकडचं ताट पाठवतो ना?" तर म्हणायचे, "नोका पाठवू. कोंडूभाऊनं आधीच सांगून ठेवलं हाय." मला बरंच वाटायचं. चांदा खरंच मोठं गाव आहे, असं मी बायकोला बोलूनही दाखवलं.

एके दिवशी बायको विहिरीवरून आली ती कळशी आपटतच. "कोंडूभाऊची बाई भेटली. म्हणते, तुमच्याकडचं ताट जाते म्हणून आम्ही नाही पाठवत. वरच्या आळीतल्या म्हणतात, कोंडूभाऊकडून जाते. सगळ्यांना या माणसानं एकमेकांची नावं सांगून ठेवली आहेत!"

तिनं पान वाढलं: भात, वरण, अंबाडीची भाजी. दिवस मावळायचा होता. मी ताट घेऊन रस्ता ओलांडला. देवाजीभाऊ मशीनवर बसून, कागदातले मुरमुरे आणि गुळाचा खडा खात होते. मला पाहताच कागद त्यांनी कापडाखाली सारला.

"आताच जेवलो, गुर्जी. कोंडूभाऊनं..."

"कोंडूभाऊची बाई विहिरीवर भेटली आमच्या हिला," मी म्हणालो.

देवाजीभाऊंनी मान खाली घातली. मला इतकी लाज वाटली की ताट कुठं ठेवावं कळेना. तीन वर्षं समोर राहत होतो मी.

"लोकाइले काऊन तरास द्याचा?" ते म्हणाले. "त्याइचे लेकरं, त्याइचे कामं. चूल पेटवून पाह्यली मी. भातबी होते. पन चुलीपुढं बसलो का तिचाच हात दिसते, अन् मंग घास जात नाई."

मी ताट पुढे केलं. त्यांनी हात धुतले आणि जेवायला बसले. पहिला घास हळू गेला, दुसरा बरा, आणि चौथ्या घासाला देवाजीभाऊ पुन्हा देवाजीभाऊ झाले. "कार्ड हाय का खिशात? काढा, काढा! लिवा लवकर! लिवा, आज खरंच ताट आलं, अंबाडीची भाजी होती..."

मी 'आज' लिहिलं आणि लेखणी उचलली. "भाऊ, 'खरंच' लिहू?"

त्यांचा हात ताटावर थांबला. थोडा विचार करून ते म्हणाले, "नोका लिवू. तिले कळन. 'आजबी' लिवा."

मी लिहिलं, 'आजही ताट आलं.'