थोरली, धाकटी आणि दोन पाहुण्या

रक्तदाबावर उपाय म्हणून एखादा शांत छंद लावून घ्या, असं डॉक्टर म्हणाले, आणि समेटरावांनी दोन प्रार्थनाकीटक पाळले. समेटराव हे त्यांचं ऑफिसातलं नाव. बिलांच्या विभागात कुणाचं वाजलं की हे मधे पडत. (मिटत काहीच नसे, पण यांचं ऐकून ऐकून दोन्ही बाजू दमत.)

कीटक बोटभर लांब (बायकोच्या मते वीतभर), हिरवेगार, मान वळवून माणसासारखे रोखून बघणारे. पुढचे दोन पाय छातीशी जोडलेले, म्हणून नाव प्रार्थनाकीटक. प्रत्यक्षात ती प्रार्थना नसते, जेवणाची तयारी असते. दोन्ही माद्याच. मोठी ती थोरली, जरा लहान ती धाकटी.

पहिल्याच दिवशी थोरलीनं काचेपलीकडे धाकटीला पाहिलं, पंख पसरले आणि काचेवर अशी झडप घातली की समेटरावांचा चहा लेंग्यावर सांडला. तेव्हापासून नियम ठरले. पेट्या वेगळ्या, मधे पुठ्ठा, नजरानजर होऊ द्यायची नाही आणि पोट कायम भरलेलं ठेवायचं, कारण भूक लागली की यांना नातंगोतं दिसत नाही. रोज संध्याकाळी हा माणूस चिमट्यात झुरळ धरून पेट्यांपुढे बसे आणि दिवसभराचं सगळं बोलून टाकी. धाकटी तर मनगटावर चढून ऐके. घरात आपलं म्हणणं ऐकून घेणारं कुणी आहे, असं त्यांना लग्नानंतर प्रथमच वाटत होतं.

अशात आत्या आणि मावशी एकदमच राहायला आल्या. आत्याला डोळे तपासायचे होते, मावशीच्या घरी रंगकाम निघालं होतं. समेटरावांच्या आईवडिलांच्या लग्नापासून या दोघींचं पटत नव्हतं. कारण दोघी विसरल्या होत्या, भांडण मात्र तोंडपाठ होतं.

बायकोनं स्पष्टच सांगितलं, "अहो, तुमच्या त्या दोघींचं एकदा जरी वाजलं, तर तुमच्या ह्या दोघी घराबाहेर."

(कुठल्या त्या आणि कुठल्या ह्या, म्हणजे भांडल्या पाहुण्या तर बाहेर कीटक, हे समजायला समेटरावांना जरा वेळ लागला.)

मग त्यांना हसू आलं. या कामाचा अनुभव त्यांच्याइतका कुणाला होता? त्यांनी आत्याला आतली खोली दिली, मावशीला बाहेरची, आणि मधल्या दारात कपड्यांचं कपाट सरकवलं. दोघींचे चहा वेगळ्या वेळी ठेवले. समोरासमोर येणं टळणारच नसेल तर आधी दोघींना पोटभर खाऊ घालायचं.

आणि काय सांगावं, जमलं! भरल्या पोटी म्हाताऱ्या चक्क हवापाण्याचं बोलल्या. मग गुडघ्यांचा विषय निघाला, तर दोघींचाही डावाच दुखत होता. शेवटी त्यांनीच कपाट ढकलून बाजूला केलं. समेटराव ऑफिसात छाती काढून चालायला लागले.

एका संध्याकाळी ते घरी आले, तर दोघी सोफ्यावर खेटून बसलेल्या.

"बाळ्या, तुझं एक काम केलं बघ," आत्या म्हणाली. "आमचं गोड झालं, मग त्या मुक्या जिवांनी काय घोडं मारलंय? घातलं दोघींना एका पेटीत."

"कडकडून मिठी मारली हो," मावशी म्हणाली. "आमच्या तर डोळ्यांत पाणी आलं."

समेटराव धावले. पेटीत थोरली एकटीच बसून तोंड पुसत होती. खाली धाकटीचे पंख पडले होते. समेटराव पेटीपुढेच खाली बसले. किड्यासाठी रडणं बरं दिसत नाही हे त्यांना कळत होतं, पण ते रडले.

काय झालंय ते दोघींना कळलं. मग मावशी म्हणाली, की असलं जनावर घरात पाळायचं आणि कुणाला धड सांगायचं नाही, हा मूर्खपणा काही आमच्याकडचा नव्हे.

आत्या ताठ झाली. "म्हणजे आमच्याकडचा? अहो, हा पोरगा पहिल्यापासून आजोळावर गेलाय."

झालं. मावशीनं समेटरावांच्या वडिलांनी किल्ली आत ठेवून बाहेरून कुलूप घातल्याचं काढलं. आत्यानं त्यांच्या मामाच्या तीन नापास वर्षांचा हिशेब मांडला. आवाज चढत गेले. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तिनं थोरलीची पेटी उचलली आणि सरळ दाराकडे निघाली.

धाकटी गेली होतीच, आता थोरलीही चालली. समेटराव धडपडत उठले आणि दोघींच्या मधे उभे राहिले.

"आत्या, मावशी, मूर्खपणा माझा स्वतःचा आहे. तो कुणाकडूनही आलेला नाही."

दोघींचं भांडण तिथेच थांबलं. बायको दारातून मागे फिरली आणि तिनं पेटी जागेवर ठेवली. मग नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"छे," ती म्हणाली, "एवढा एकट्याला जमायचा नाही. दोन्हीकडून आला असणार."

आत्यानं मावशीकडे पाहिलं, मावशीनं आत्याकडे.

"हे मात्र खरं हो," दोघी एकदमच म्हणाल्या.