सन्माननीय सदस्यांची खोली जनतेस खुली आहे

वाहतूक समितीच्या एका सन्माननीय सदस्यांची कंबर धरली आणि डॉक्टरांनी त्यांना अंथरुणातून उठायला मनाई केली. लोकहिताचे काम अडू नये म्हणून त्यांनी सभेला घरूनच, फोनवरून हजर राहायचे ठरवले. नियमात तशी सोय होती. सोयीच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य होते: सदस्य ज्या जागेतून बोलेल ती जागा सभागृहाचा भाग समजावी, व सभेच्या वेळी ती जनतेस खुली ठेवावी. जनतेला हे वाक्य ठाऊक नसल्याने आजवर त्याचा कोणालाही त्रास झाला नव्हता.

शिपायाने रीतसर सदस्यांच्या दारावर सभेची सूचना डकवली. ती सिस्टरने वाचली. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या बाईंना सगळा भाग सिस्टर म्हणूनच ओळखत असे. सभेपुढे एकच विषय होता: दवाखान्यासमोरचा बसथांबा हलवून चढावरच्या नव्या व्यापारी संकुलासमोर नेणे. प्लास्टरमधल्या पायाने तो चढ कोण कसा चढणार, हे काही सिस्टरच्या डोळ्यांपुढे येईना. त्यांनी बेल वाजवली.

सदस्यांच्या पत्नीने दार उघडले.

"वहिनी, सभेला आलेय."

"सभा ऑफिसात असते ना?"

"तुमच्या बेडरूममध्येही आहे. दारावर लिहिलंय."

वहिनींनी स्वतःच्या दारावरची सूचना वाचली आणि त्या बाजूला झाल्या. आत सदस्य बनियनवर, कमरेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन पडले होते. फोन उशीजवळ, स्पीकरवर होता. सिस्टर त्या दिशेने वाकून म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, इथे जनतेला बसायला खुर्ची नाही."

पलीकडे पाने उलटल्याचा आवाज आला. "हरकत ग्राह्य आहे," चिटणीस म्हणाले. "सभागृहात आसनव्यवस्था नसल्यामुळे सभा तहकूब करण्यात येत आहे."

पुढच्या वेळी खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्या म्हणून माणसे आली. दवाखान्यातून कुबड्या घेतलेली मंडळी आली, आणि कुबड्यांना उंबरठा आडवा आला. सभा तहकूब झाली. उंबरठा फोडून उतार बांधला. मग पिण्याच्या पाण्याची सोय नाही म्हणून तहकूब. मग स्वच्छतागृहावर पाट्या नाहीत म्हणून तहकूब. पाट्या लागल्यावर वहिनी आपल्याच घरात रांगेत उभ्या राहू लागल्या. पलंगाला चिटणीसांनी व्यासपीठ जाहीर केले. सभा तहकूब असली तरी संपलेली नव्हती, त्यामुळे वहिनींना व्यासपीठावर झोपायचा अधिकार उरला नाही. त्या दिवाणखान्यात निजू लागल्या.

"सिस्टर, तुमच्यामुळे माझं घर उठलं," एकदा त्या म्हणाल्या.

"माझ्यामुळे नाही वहिनी, नियमामुळे. तुम्हीही नागरिक आहात. विषयाला धरून तीन मिनिटं बोलू शकता."

"आणि हे मध्ये बोलले तर?"

"सदस्यांनी नुसतं ऐकायचं असतं."

वहिनींनी पदराला हात पुसले आणि खुर्ची ओढली. आपली पाळी आल्यावर त्या उभ्या राहिल्या. "विषय बसथांब्याचा आहे. लग्न ठरल्यावर मी याच थांब्यावर ह्यांची वाट बघायची. हे एकदाही वेळेवर आले नाहीत. त्यानंतरचंही सांगते."

"अगं, पण..." सदस्य कंबर सावरत म्हणाले.

"सन्माननीय सदस्यांनी शांत राहावे," फोन म्हणाला.

तीन मिनिटे संपली तेव्हा वहिनी जेमतेम लग्नाच्या पहिल्या वर्षापर्यंत आल्या होत्या. मागच्या रांगेतल्या दोन आजीबाईंनी आपापली वेळ त्यांना देऊन टाकली.

पुढच्या सभेला सदस्य फोन घेऊन बाथरूममध्ये शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली. शिपायाने बाथरूमच्या दारावर सूचना डकवली. बाहेर खुर्च्या मांडल्या गेल्या. चिटणीसांनी निर्णय दिला की सभागृहाला आतून कडी असता कामा नये. त्या दिवशी सदस्यांची कंबर एकाएकी बरी झाली. ते चालत कार्यालयात गेले आणि त्यांनी नियमदुरुस्ती मांडली.

दुरुस्ती अत्यंत लोकाभिमुख होती. यापुढे जनतेने कुठेही यायचे कारण नव्हते. प्रत्येकाने घरबसल्या एका नंबरवर फोन लावावा, सभा ऐकावी, हवे तर बोलावे. हरकत घेणाऱ्याला आणखी एका नागरिकाचे अनुमोदन मिळाले की विषय थांबणार. सदस्याचे घर मात्र यापुढे फक्त घर. लोकांना आनंद झाला. गुडघे दुखत असल्याने सिस्टरनाही बरे वाटले.

नव्या पद्धतीच्या पहिल्या सभेला उपस्थिती विक्रमी होती. इतके फोन जोडले गेले की अध्यक्षांनी जनतेचे अभिनंदन केले. मग बसथांब्याचा विषय आला.

"माझी हरकत आहे," सिस्टर म्हणाल्या.

"अनुमोदन?"

कोणी बोलले नाही. फोन जोडलेलेच होते, पण सगळ्यांनी आवाज बंद करून ते ओट्यावर, कपाटावर, टीव्हीशेजारी ठेवले होते. इतके लोक आहेत, कोणीतरी ऐकत असेलच, अशी प्रत्येकाची खात्री होती.

"अहो, कोणी आहे का?" सिस्टर म्हणाल्या. "कुबडीवाले भाऊ? आजी?"

"माझं अनुमोदन आहे," सदस्यांच्या फोनमागून, स्वयंपाकघराच्या बाजूने आवाज आला. पाठोपाठ कुकरची शिट्टी झाली.

सदस्याचे घर आता सभागृह नसल्याने चिटणीसांनी दोन्हींची नोंद 'पार्श्वभूमीचा आवाज' अशी केली. ठराव संमत झाला.

थांबा हलला. पहिल्याच सकाळी कुबडीवाले भाऊ अर्ध्या चढावर बसकण मारून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आपल्याला कोणी विचारतच नाही हो." आजीबाईंनी मान डोलावली. खाली उभ्या असलेल्या सिस्टरने वर जाऊन भाऊंच्या काखेत हात घातला.

सभा अजून होतात आणि जनतेस पूर्ण खुल्या असतात. नंबर पाण्याच्या बिलाच्या मागच्या बाजूला छापलेला आहे. तो बघायला तुम्ही आता उठणार नाही, हे समितीने गृहीत धरले आहे.