दहा वर्षांचा गोल्फ

देगलूर तालुक्यातून गोल्फपटू निघणार म्हणजे निघणार, हे वैजनाथ सरांनी ठरवूनच टाकलं होतं! कधी निघणार, तेही ठरलेलं होतं. दहा वर्षांनी!

सर एका खाजगी शाळेत खेळाचे शिक्षक. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला गोल्फ प्रशिक्षणाच्या शिबिराला गेले. बाकीचे शिक्षक हिरवळीवर फोटो काढून परत आले. सर मात्र एक अख्खी योजना डोक्यात घेऊन आले. लेकराच्या हातात पहिल्याच दिवशी मोठी काठी द्यायची नाही. आधी भोकाजवळ उभं करायचं आणि चेंडू नुसता घरंगळवायला शिकवायचं. त्यात हात बसला की दोन पावलं मागं. मग आणखी मागं. अंग वाढेल, ताकद येईल, तसतसा फटका लांबवत न्यायचा. घाई केली की लेकराची कंबर जाते आणि खेळही जातो!

"घर बांधताना पत्रे आधी टाकतो का आपण?" सर भेटेल त्याला विचारायचे. समोरचा "न्हाई" म्हणाला की सर जग जिंकल्यासारखे हसायचे.

अडचण एकच होती. हिरवळ! देगलूरच्या उन्हात हिरवळ राखायची म्हणजे तव्यावर बर्फ राखण्यासारखं. पण सरांना पुनमच्या आजोबांचं खळं सापडलं. पुनम त्यांच्या वर्गातली. आजोबा ग्यानोबा यांच्या शेताच्या कडेला मुरमाड माळ होता आणि माळाच्या मध्यभागी जुनं खळं. मळणीयंत्र आल्यापासून ते रिकामंच पडलं होतं. पुनमची आजी धोंडाबाई यांनी ते शेणामातीनं असं सारवून दिलं, की त्यावर वाटाणा ठेवला तरी तो आपोआप चालू लागावा! मधोमध भोक पाडलं, त्यात पत्र्याचा डबा बसवला. झालं मैदान!

काठ्यांचं काम खाजामियाँनी उचललं. त्यांचं वेल्डिंगचं दुकान आणि त्यांची लेक लायबा सरांची दुसरी लाडकी शिष्या. त्यांनी सळईला पट्टी जोडून लेकरांच्या उंचीच्या काठ्या करून दिल्या. "सर, लायबा बडी होईल तशी काठी बी मी वाढवून देतो. वेल्डिंग अपने घर की!"

पावसाळा सरता सरता शिकवणी सुरू झाली. शाळा सुटली की दहा-बारा लेकरं खळ्यावर. चेंडू ठेव, मान खाली, हळू ढकल. रोज तेच. सर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, "गोल्फमध्ये आपल्या मागं पंच फिरत नसतो. आपली चूक आपणच सांगायची."

लेकरं रमली. मोठ्यांचा मात्र धीर सुटत चालला.

"मास्तर," ग्यानोबांनी एक दिवस विचारलं, "पोरी नुसत्या गोट्या ढकलून राहिल्यात. मारणार कधी?"

"मारतील ना! सहाव्या वर्षी पुनमला ड्रायव्हर मिळेल."

खळ्याच्या कडेला बसलेल्या धोंडाबाई ताडकन उठल्या. "ड्रायव्हर? आमच्या पुनमला ड्रायव्हर बिवर न्हाई पाहिजे! चांगला शिकलेला, नोकरीवाला बघू आम्ही!"

मोठ्या काठीला ड्रायव्हर म्हणतात, हे त्यांना समजावून सांगता सांगता सरांचा घसा बसला. तरी त्या शेवटी म्हणाल्याच, "काठी असू द्या न्हाईतर माणूस. सहा वर्षं त्याचं नाव काढू नका."

खरं संकट वेगळंच होतं. धोंडाबाईंचा भाऊ उमाशंकर याची त्या माळावर नजर होती. त्याला तिथं वीटभट्टी टाकायची होती. उमाशंकर गावातला पुढारी. त्याच्या मागं चार माणसं आणि पुढं मोठं पोट चालायचं. "दाजी," तो ग्यानोबांना म्हणाला, "दहा वर्षं गोट्या खेळायला जागा देता, अन् सख्ख्या मेहुण्याला न्हाई म्हणता?"

ग्यानोबा पेचात पडले. त्यांनी तोडगा काढला. रविवारी गाव बोलवायचं. लेकरं काय शिकली ते दाखवायचं. मग ठरवू, खळं का भट्टी.

सर तर खुशीत! घरी बायकोला म्हणाले, "रविवारी बघच तू. गाव तोंडात बोट घालेल!"

"कोणाच्या?" बायकोनं विचारलं. सरांनी तिकडं दुर्लक्ष केलं.

रविवारी सकाळी खळ्याच्या उजव्या अंगाला मंडप पडला. मंडपामागं ग्यानोबांचा पत्र्याचा गोठा आणि गोठ्यामागून गावची वाट. उमाशंकर पहिल्या खुर्चीवर. त्याचा जुना विरोधक शिवप्पा यालाही बोलावणं होतं, पण तो अजून यायचा होता. दोघं एका मंडपात बसल्याचं गावानं बरीच वर्षं पाहिलं नव्हतं.

लेकरांनी सुरुवात केली. पुनमनं चेंडू ढकलला. लायबानं ढकलला. आणखी चौघांनी ढकलला. सुंदर ढकलला! गाव जांभया देऊ लागलं.

"मास्तर, षटकार कधी?" उमाशंकर मोठ्यानं म्हणाला. मंडपात हशा पिकला. "ह्याच्यासाठी दहा वर्षं? आमची म्हैस बी नाकानं बादली एवढी ढकलती!"

सरांचे कान तापले. लेकरांना काही म्हटलेलं त्यांना सहन होत नसे. त्यांनी लेकरांकडं पाहिलं. लायबानं काठी खाली ठेवून दिली होती. आणि मग सरांच्या तोंडून ते वाक्य गेलं.

"षटकार बघायचाय? थांबा! दहा वर्षांनी ही लेकरं काय करतील, ते मी आज दाखवतो!"

पुण्याहून आणलेला ड्रायव्हर पिशवीतून बाहेर निघाला. उन्हात असा चमकला, की पहिल्या रांगेनं डोळ्यांवर हात धरले. सरांनी शिबिरात तो फक्त एकदा हातात धरला होता. तोही फोटोपुरता. पण हे गावाला माहीत नव्हतं आणि त्या क्षणी सरही विसरले होते!

"सर, हे तर सहाव्या वर्षाचं हाय ना?" पुनमनं हळूच विचारलं.

"तुझ्यासाठी!" सर म्हणाले.

समोर मोकळा माळ. सरांनी पाय रोवले, कंबर फिरवली आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून काठी हाणली. सुँईऽऽ!

गाव समोर बघतंय. माळावर चेंडू नाही. आभाळात नाही. कुठंच नाही!

"गायब!" खाजामियाँ ओरडले. "सर, डायरेक्ट तेलंगणा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "लई लांब गेला!" "दिसला बी न्हाई!" कोणीतरी शिट्टी मारली. सरांनी कपाळावर हात धरून सरहद्दीकडं पाहिलं आणि नम्रपणे मान झुकवली. चेंडू कुठं गेला ते त्यांनाही कळलं नव्हतं, पण टाळ्यांपुढं असले प्रश्न कोण विचारतो?

त्या टाळ्यांत गोठ्याच्या पत्र्यावर झालेला 'ठण्ण' आवाज एकट्या उमाशंकरला ऐकू गेला. तो त्याच्या डोक्याच्या अगदी मागंच झाला होता!

"दगड!" उमाशंकर खुर्चीसकट खाली गेला. "माझ्यावर दगड मारला! शिवप्पाची माणसं हायत!"

तेवढ्यात गोठ्यामागून शिवप्पा स्वतःच आला. मोटारसायकल ढकलत. तिच्या दिव्याच्या काचेचा चुरा झालेला.

"कोण हाय रे तो?" शिवप्पा गरजला. "उमाशंकर! समोरून यायची हिंमत न्हाई म्हणून पत्र्याआडून दगड मारतो का?"

"मी? तूच मारला!"

"मी माझ्याच गाडीला मारू का?"

"तुझा काय भरोसा!"

बघता बघता दोघांची चार-चार माणसं उभी राहिली. बाह्या वर गेल्या. कोणी म्हणालं पोलिसांना बोलवा. कोणी म्हणालं आधी होऊ द्या, मग बोलवा. ग्यानोबा मधे पडायला गेले, तर त्यांचा फेटाच सुटला. धोंडाबाई सारवलेल्या खळ्यावर हात पसरून उभ्या. "भांडा बाबांनो, पण चपला घालून इकडं येऊ नका!"

सर गोंधळून बघत होते. एवढ्यात लायबा गोठ्यामागून पळत आली. तिनं सरांच्या हातात काहीतरी ठेवलं.

"सर, तुमचा बॉल. गाडीच्या चाकाजवळ होता."

पांढराशुभ्र चेंडू. एका बाजूला पत्र्याचा गंज लागलेला. सरांनी एकदा गोठ्याच्या पत्र्याकडं पाहिलं. चेंडू सरळ खिशात गेला असता तर कुणाला कळलंही नसतं. तेलंगणात गेलेला चेंडू शोधायला कोण जाणार होतं? हात खिशापर्यंत गेलासुद्धा. पण समोर लायबा उभी होती, पुनम उभी होती, सगळी लेकरं उभी होती. नुसती बघत होती.

सरांनी चेंडू वर धरला.

"दगड न्हाई तो! माझा फटका हाय! चूक माझी हाय!"

भांडण जागच्या जागी थांबलं. शिवप्पानं एकदा माळाकडं पाहिलं, एकदा गोठ्याकडं.

"मास्तर, तुम्ही तोंड तिकडं करून मारलं?"

"हाव."

"मंग हा इकडं कसा आला?"

"ते काय होतं, काठीचं तोंड जरा उघडं राहिलं की..."

"काठीचं राहू द्या," ग्यानोबा फेटा गुंडाळत म्हणाले, "तुम्ही तुमचं मिटा."

आधी खाजामियाँ हसले, मग सगळा मंडप. शिवप्पा हसला. उमाशंकर उठून धोतर झटकत म्हणाला, "म्हणजे मला कुणीच दगड मारला न्हाई?" त्याचा आवाज जरा नाराजच होता.

ग्यानोबांनी पुनमला बोलावलं. "ये बाई. आता तू दाखव. लांबून."

पुनम खळ्याच्या पार कडेला गेली. खळ्याला पूर्वेकडं किंचित उतार होता. तिनं खाली बसून तो नजरेनं मापला, मान खाली घातली आणि चेंडू भोकाच्या चांगला बाजूला ढकलला. "चुकली," कोणीतरी म्हणालं. चेंडू गेला, वळला, आणखी वळला, डब्याच्या कडेवर क्षणभर थांबला. टुप!

आता मात्र कुणी जांभई दिली नाही.

"ह्यात काय हाय? द्या इकडं," शिवप्पा पुढं झाला. चेंडू डब्याला वळसा घालून निघून गेला. शिवप्पा चुकला म्हटल्यावर उमाशंकर कसा बसेल? त्यानं चप्पल काढली, पोट आवरलं आणि ढकलला. चेंडू खळ्याबाहेर!

"साहेब, मान वर उचलली तुम्ही," लायबा म्हणाली.

"उचलली का? परत ढकलतो. शिवप्पा, थांब, माझा डाव हाय!"

"तुझा झाला की!"

दुपारी जेवणं मांडली तरी दोन्ही पुढारी खळ्यावरच. घामाघूम. एकमेकांना "अरे, उतार बघ उतार" असं सांगत. ग्यानोबा कितीतरी वेळ बघत राहिले, मग मेहुण्याला म्हणाले, "भट्टी इथंच टाकायची का मंग?"

"भट्टी दुसरीकडं बघू, दाजी," उमाशंकर मान खाली ठेवूनच म्हणाला. "आत्ता बोलू नका. हलतो हात."

ग्यानोबा सरांकडं वळले. "मास्तर, तुमचं खरं निघालं. हे काम सावकाशीचंच हाय. लेकरांना दिली जागा, दहा वर्षं. पण एक अट हाय."

"सांगा की!" सर फुलून गेले.

ग्यानोबांनी अट सांगितली. सरांनी ती मान खाली घालून ऐकली. लेकरांनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात.

संध्याकाळी सर घरी आले, तेव्हा बायको दारातच उभी होती.

"जागा मिळाली का?"

"मिळाली. दहा वर्षं!"

"मंग तोंड असं कामून?"

सरांनी चपला काढल्या, पाय धुतले, पाणी प्यायलं. मग म्हणाले, "मला बी प्रवेश मिळाला."

"कशात?"

"पहिल्या वर्षात. लायबाच्या हाताखाली."