टिचबटणाचं गूढ गिऱ्हाईक

"गुन्हेगाराच्या चपला दाखवा, मी त्याच्या सासूचा स्वभाव सांगतो." भिंगकाका स्वतःची ओळख अशी करून देत. समोरच्याने चुकून कौतुकाने पाहिलं, तर ते पुढे सरकत. अठ्ठावीस वर्षं आपण घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचले, आणि ज्याने माणसाचा मीटर वाचला त्याने माणूस वाचला, असं त्यांचं म्हणणं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी कार्डं छापून घेतली होती: ‘खाजगी अन्वेषक. सूक्ष्म निरीक्षण. अचूक अनुमान.’ छापताना ‘अचूक’मधला ‘अ’ उडाला होता. तो काका पेनने लिहीत, पण घाईत कधीकधी विसरत. त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांकडे त्यांचं ‘चूक अनुमान’ पोचलं होतं, आणि अजून एकानेही तक्रार केली नव्हती.

केसही कुणी आणली नव्हती. शेवटी पुतणीनेच आणली, आणि तिला त्याचा पश्चात्ताप व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

तिच्या बाबांचं, म्हणजे काकांच्या थोरल्या भावाचं, शिवणसामानाचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. बटणं, हुक, चेन, लेस, इलॅस्टिक, रिळं. भिंतभर छोटे खण, आणि आत काय आहे ते कळावं म्हणून प्रत्येक खणावर नमुन्याचं एकेक बटण चिकटवलेलं. या सगळ्याचा हिशेब एकतीस वर्षं आत्या हाताने लिहीत होती. आत्या तिघा भावंडांत मोठी. रोज रात्री आठ वाजेपर्यंत ती वहीत मान घालून बसे, आणि तिची बेरीज चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

पण करसल्लागाराने हात टेकले. "पुढच्या महिन्यापासून मला हिशेब कॉम्प्युटरवर द्या," तो म्हणाला. "वह्या वाचायला आता माणूस मिळत नाही." मग पुतणीने हिशेबाची तीन सॉफ्टवेअरं महिनाभर फुकट वापरून बघायला घेतली, आणि तिन्हींत थोड्या मालाची शिल्लक चढवली. महिनाअखेर त्यातलं एक ठरवून विकत घ्यायचं होतं.

अवघड काम दुसरंच होतं. आत्याला सांगायचं कुणी?

"ती वही म्हणजे तिचा जीव आहे," बाबा म्हणाले. "एकदम सांगितलं तर हाय खाईल. आधी आपण ठरवू, मग हळूच सांगू."

म्हणून कॉम्प्युटर मागच्या खोलीत ठेवला आणि त्यावर टेबलक्लॉथ टाकला. आत्याने विचारलंच, तेव्हा बाबांनी "कॅमेऱ्याचा टीव्ही आहे" असं सांगून टाकलं. दुकानात कॅमेरा नव्हता. आत्या "बरं" म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात पुतणीने पहिलं सॉफ्टवेअर उघडलं, तर त्यात एक अनोळखी बिल. गिऱ्हाईकाचं नाव ‘अअअ’. माल, एक टिचबटण. पाच मिनिटांनी ते परत केलेलं, आणि मग पुन्हा विकत घेतलेलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हत्ती’ नावाच्या गिऱ्हाईकाने चार हजार मीटर इलॅस्टिक नेलेलं. तिसऱ्या दिवशी तिसऱ्यात बारा ग्रोस, म्हणजे एकशे चव्वेचाळीस डझन हुक, आणि गिऱ्हाईकाचं नाव ‘मीच’. वेळ प्रत्येक वेळी दुपारी एक ते तीन, म्हणजे दुकान बंद आणि घरचे वर जेवायला.

पुतणी चक्रावली. बाबा घाबरले. "हे असलं काही असेल तर नकोच ते सॉफ्टवेअर. सल्लागार बदलू."

आणि भिंगकाका आले.

त्यांनी पडद्यापासून चार बोटांवर डोळा नेला. "‘मीच’ हे आडनाव असावं," ते म्हणाले. "या बाजूचं नाही. लिहून घे."

पुतणीने लिहून घेतलं. सहायकाचं काम लिहून घेण्याचं असतं, असं काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"आणि हत्ती?"

"टोळीचा म्होरक्या. टोपणनाव आहे. चार हजार मीटर इलॅस्टिक एकट्या माणसाला कशाला लागेल? पळून जायला. बांधायचं आणि ताणून सोडायचं."

"पण काका, इलॅस्टिक खणातच आहे. एक मीटरही कमी नाही."

"म्हणजे अजून पळाला नाही," काका समाधानाने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, की हे दुसरं सॉफ्टवेअर विकणाऱ्या माणसाचं काम. उरलेल्या दोघांना बदनाम करायचा त्याचा डाव असणार. त्यांनी त्याला फोन लावला.

"काल दुपारी एक ते तीन कुठे होता?"

"जेवत होतो, साहेब."

"साक्षीदार?"

"डबा, साहेब." मग त्याने आशेने विचारलं, "म्हणजे आपण आमचंच घेताय ना? चौदा टक्के सूट देतो."

"लाच!" काकांनी फोनवर हात ठेवून पुतणीला सांगितलं. "लिहून घे. किती टक्के म्हणाला?"

त्यानंतर संशय समोरच्या इस्त्रीवाल्यावर गेला, कारण तो सगळ्यांच्या कपड्यांची बटणं मोजतो. मग करसल्लागारावर. मग एक पूर्ण सकाळ खुद्द सॉफ्टवेअरांवरच. "तिघांना एका मशीनमध्ये कोंबलंस," काकांनी पुतणीला सुनावलं. "एकमेकांच्या नावाने खोटी बिलं फाडतायत."

"आत्या दुपारी खालीच असते," पुतणी दबकत म्हणाली. आत्याचे गुडघे दुखत, म्हणून ती डबा घेऊन खालीच पडे. "तिला काही आवाज आला का, विचारायचं?"

"ताईला यात ओढायचं नाही," काका कडाडले. "आणि ती झोपलेली असते. मीटर वाचताना मी शेकडो झोपलेली माणसं पाहिली आहेत."

शेवटी त्यांनी सापळा लावला. शिंप्याचा पांढरा खडू किसून त्याची पूड कीबोर्डवर भुरभुरवली. बोटांचे ठसे मिळणारच होते. तीन वाजता येऊन बघतात, तर कीबोर्ड लख्ख. पूड नाहीच, शिवाय पूर्वी बटणांच्या फटीत बसलेली धूळही गेलेली.

काकांनी कीबोर्डवरून बोट फिरवून बघितलं. "गुन्हेगार अत्यंत स्वच्छ आहे," ते म्हणाले. "म्हणजे आपल्या घरातलं कुणी नाही."

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. वर सगळे जेवायला बसले. काकांनी पाण्याचा पेला बाजूला सारला आणि अहवाल वाचायला घेतला. गुन्हेगार पुरुष, डावखुरा, परगावचा, बटणांच्या धंद्यात एकदा बुडालेला. बाबांनी ताटातली बोटं थांबवली.

"बास," ते म्हणाले. "सल्लागाराला सांगतो, आम्हाला नाही जमत. ताईची वहीच बरी."

रोज आठपर्यंत वाकलेली आत्याची मान पुतणीला दिसत होती.

आई आमटी वाढत होती. "एक ते तीनमध्ये म्हणताय ना? त्या वेळी तर ताई बसलेल्या असतात तिथे."

काकांनी अहवाल खाली ठेवला.

"कुठे?" काकांनी विचारलं.

"कॉम्प्युटरवर. मी रोज ताक द्यायला जाते तेव्हा टकटक चाललेली असते. मला वाटलं, तुम्हीच बसवलंय त्यांना."

"वहिनी, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही मला कुठे विचारलंत? इस्त्रीवाल्याला विचारलंत."

चौघंही जिना उतरून खाली गेली. मागच्या खोलीत आत्या चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून, एका बोटाने, जीभ किंचित बाहेर काढून अक्षरं वेचत होती. टेबलक्लॉथ व्यवस्थित घडी करून बाजूला ठेवलेला.

"या," ती मान वर न करता म्हणाली. "कॅमेऱ्याच्या टीव्हीवर आज चांगला कार्यक्रम आहे."

बाबांचे कान लाल झाले. "ताई, हत्ती..."

"तो मला लिहिता आलेला पहिला शब्द. चांगला मोठा निघाला, म्हणून गिऱ्हाईक केलं."

"आणि मीच?" काकांचा आवाज खोल गेला होता.

"कॉम्प्युटरने विचारलं, गिऱ्हाईक कोण? दुकानात दुसरं होतं कोण?" आत्या काकांकडे वळली. "आणि कीबोर्डवर खडू कुणी सांडला रे? अर्धा तास गेला माझा पुसण्यात."

पुतणी तिच्याजवळ स्टुलावर बसली. "आत्या, तुला वाईट वाटेल म्हणून आम्ही सांगितलं नाही. वही बंद होणार म्हणून."

"वही?" आत्याने चष्मा काढला. "एकतीस वर्षं बेरजा करतेय गं. मान आखडते, डोळे चुरचुरतात. सुटका होतेय म्हटल्यावर मी नाचले असते. गुडघे दुखत नसते तर." तिने चष्मा पदराला पुसला. "वाईट वाटलं ते वेगळंच. तुम्ही तिघं मिळून निवडत होतात, आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत. जशी काही मी त्या वहीचा पुठ्ठा."

बाबा खाली बघत राहिले. "चुकलं, ताई," एवढंच म्हणाले.

"चुकलं तर दुरुस्त करू," आत्या म्हणाली, आणि तिने पाठकोऱ्या कागदांची एक चळत पुढे केली. तिन्ही सॉफ्टवेअरांची तिने परीक्षा घेतली होती, नवा माणूस कामाला ठेवताना घेतात तशी. "हा पहिला. एक टिचबटण परत घ्यायला सांगितलं तर सात प्रश्न विचारतो. गिऱ्हाईक म्हातारं होईल. दुसरा दिसायला देखणा, पण भोळा. चार हजार मीटर इलॅस्टिक मागितलं, आपल्याकडे आहे नव्वद, याने मुकाट्याने बिल फाडलं. तिसऱ्याला रूप नाही. पण डझन कळतो, ग्रोस कळतो, बारा ग्रोस हुक म्हटल्यावर ‘एवढे शिल्लक नाहीत, तरी बिल करू का?’ असं सांगतो. मी मुद्दाम ‘कर’ म्हटलं. केलं, पण लाल अक्षरात लिहून ठेवलं. असा माणूस हिशेबाला पाहिजे."

काकांनी कागद हातात घेऊन वाचले. मग पुन्हा वाचले. "ताई," ते शेवटी म्हणाले, "हे असं बारकाईने बघायला तुला कुणी शिकवलं?"

"माझी बेरीज जुळेना तेव्हा मीच शिकले."

त्याच दुपारी बाबांनी तिसरं सॉफ्टवेअर विकत घेतलं. पुढचे आठ दिवस उरलेली जुनी शिल्लक चढवण्यात गेले. आत्या आकडे सांगे, पुतणी टाइप करी, आणि आठ दिवसांत सॉफ्टवेअरने आत्याची एकही चूक काढली नाही. पुतणीच्या मात्र अकरा काढल्या.

नवव्या दिवशी पाचला दिवसाचा हिशेब संपला. आत्या खुर्चीत तशीच बसून राहिली, मग उठली, पदर सारखा केला आणि कुणाला न सांगता दाराबाहेर गेली. पुतणीने काउंटरवरून मान काढून पाहिलं. आत्या रस्त्याच्या कडेला उभी होती. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, कुठे जायचं ते ठरत नसल्यासारखी. मग इस्त्रीवाल्याच्या बाकावर जाऊन बसली आणि येणारी-जाणारी माणसं बघत राहिली.

तासाभराने परत आली, तेव्हा बाबा आणि काका दोघंही दारात होते.

"काय झालं, ताई?" बाबांनी विचारलं.

"काही नाही रे," आत्या पायरी चढत म्हणाली. "या वेळेला रस्त्यावर इतका उजेड असतो, हे मला माहीतच नव्हतं."

भिंगकाकांनी बोलायला तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि काहीही अनुमान न काढता मिटलं.